शर्ट एक माप लहान झाला

बाळांनो, मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातली धाकटी वैतागून म्हणाली, "आजी, मला हे काम येतं. तरी सगळ्यांबरोबर बसून तेच ते शिकायचं आणि वर परीक्षा द्यायची. कशाला?" तेव्हा गॅसवर भाजी होती, म्हणून मी लिहून पाठवते म्हणाले. आणखीही एक कारण आहे. काल माझे ब्लाऊज शिवणारी भेटून गेली. ती गेल्यापासून मला फार बरं वाटतंय, आणि ते का, हे सांगितलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तरही होईल.

तुम्ही तिला पाहिलंय. हुडकेश्वरला आपल्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन. नवरा गेला तेव्हा मुलगी पहिलीत होती. सासू, ती आणि मुलगी असं तिघींचं घर त्या मशीनवर चालायचं. मी सगळं मोजून-लिहून करते, डाळींच्या डब्यांवरही लेबलं लावते, म्हणून तुमची आई मला हसते. ही बाई माझ्या अगदी उलट. गळ्यात टेप असायचा, पण माप डोळ्यांनीच घ्यायची. "काकू, या हिवाळ्यात दंडात भरल्या तुम्ही," म्हणायची, आणि ते खरं असायचं. प्रत्येक ब्लाऊजला आतून दोन बोटं माया सोडायची, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड. अंग सुटलं की उसवून सैल करता येतं.

मग चौकात तयार ब्लाऊजची दुकानं आली आणि तिचं काम आटत गेलं. गावाकडून तिचा दीर यायला लागला. "वैनी, इथं राहून काय करून राहिल्या? खोल्या विकून टाका अन् गावाले चला." ती मशीन चालवत राहायची. मुलीची शाळा इथे, आणि नवऱ्याने स्वतः विटा वाहून बांधलेलं घर. गावी दिराच्या घरात तिला चुलीपलीकडे जागा नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

बुटीबोरीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात बायका घेताहेत असं ऐकून ती गेली. कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. "घरीच, मायजवळ," ही म्हणाली. "ताई, घरचं शिकणं आम्ही कसं तपासायचं?" असं म्हणून त्यांनी परत पाठवलं. मला राग आला होता, पण आता वाटतं, प्रश्न काही वाईट नव्हता.

तिथेच एका बाईने तिला शिलाई मशीन ऑपरेटरच्या सरकारमान्य वर्गाचं सांगितलं. देशात सगळीकडे तोच अभ्यास, तीच परीक्षा. सासूने कपाळाला हात लावला. "काहून वं, सारी जिंदगी मशीन चालवली अन् आता शाळेत जाऊन बसून राहिली?"

ती गेली. आणि सराव परीक्षेत नापास झाली.

संध्याकाळी शर्ट पिशवीत घालून माझ्याकडे आली. शिवण इतकी सुबक की मला कळेना चुकलं काय. कारखान्यात कापड आधीच कापून येतं. कडेला किती सोडायचं ते ठरलेलं. हिचा हात मात्र सवयीने आत जास्त कापड ठेवून शिवत गेला. घरी ती कापतानाच वाढवून कापायची, म्हणून तिथे बरोबर बसायचं. इथे शर्टच एक माप लहान झाला. "शिकवणारी बाई म्हणे, ताई, एल दिला होता, तुम्ही एम करून आणला. सारा वर्ग हसला, काकू."

परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. दीर त्याच आठवड्यात खोल्यांना गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

मी जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या आणि फूटपट्टी घेऊन तिच्या मशीनशेजारी बसले. वर्गातल्यासारखी मशीनवर चिकटपट्टीची खूण लावली. कापडाची कड त्या खुणेला लावायची आणि सरळ जायचं, एवढंच. पण ती चार बोटं शिवली की थांबायची.

"काय झालं?"

"काकू, कोणाचं अंग हाय तेच दिसत नाही, तं शिवू कसं?"

आतून लसूण सोलता सोलता सासू ओरडली, "बाजारात झबले टांगले राहते, ते काय पोट्टं पाहून शिवते वं? तरी घालतेच ना सारे पोट्टे! तू चालव मशीन."

आम्ही दोघी हसत सुटलो. हसणं थांबल्यावर तिने मान खाली घातली, कड खुणेला लावली आणि पट्टी टोकापर्यंत नेली. मी मोजली. बरोबर होती. पुढचीही.

परीक्षक बाहेरगावचे होते. ते कोणाला ओळखत नव्हते. फक्त शिवण मोजत होते. त्या दिवशी माझं चहात साखर घालायचं राहिलं आणि ते प्यायल्यावरही कळलं नाही. दुपारी फोन आला. "काकू, एलचा एलच राहिला!" निकाल हातात यायचा होता, तरी मी देवापुढे साखर ठेवली.

ती पास झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि बुटीबोरीच्या त्याच कारखान्याने तिला घेतलं. दिराचं येणं लांबलं होतं; नोकरीचं कळल्यावर तो गिऱ्हाईक न आणता आला, चहा प्याला, पुतणीला खाऊ दिला आणि खोल्यांचा विषय न काढता गेला.

पण मी निश्चिंत झाले ती नंतर. वर्षभराने त्या कारखान्याचं काम मंदावलं आणि हिच्यासकट पुष्कळ जणींना कामावरून कमी केलं. मला वाटलं, आता पुन्हा दीर येणार. ती दुसऱ्या कारखान्यात गेली. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, परीक्षेत होतं तसंच कापड पुढे ठेवलं, तीच शिवण घालायला सांगितली आणि सोमवारपासून या म्हणाले. आता नव्या मुलींना मशीनवर बसवण्याचं काम तिच्याकडे आहे.

धाकटे, तुझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे. पण मी तुझी आजी आहे. परक्या गावात परक्या माणसालाही ते दोन मिनिटांत कळायला हवं. त्यासाठी ते कंटाळवाणं शिकणं.

यात माझी गैरसोय झाली, तीही सांगते. तिला आता माझे ब्लाऊज शिवायला वेळ नसतो. दुकानातले दंडात काचतात आणि आत सोडलेलं कापड नसतं. काल तिने माझा जुना निळा ब्लाऊज बसल्या बसल्या उसवून सैल करून दिला आणि म्हणाली, "अजून एक डाव निघते यातून, काकू." म्हणजे आणखी एकदा सैल करता येईल एवढं कापड आत आहे.

सासू आता थकली आहे, पण आवाज तसाच आहे. मुलगी कॉलेजात जाते. हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्या अजून त्यांच्याच आहेत, आणि घरच्यापुरतं का होईना, खिडकीपाशी मशीन अजून चालतं.