अक्कांची बस

नवा माणूस कामावर रुजू झाला की अक्का त्याचं नाव-गाव नंतर विचारायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "कशानं आलास?" मोटारसायकलवर एकटाच आलो म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. "उद्यापासून शेजारच्याला घेऊन ये की. मागची सीट काय डबा ठेवायला दिलीय?"

सोलापुरातल्या आमच्या टॉवेल कंपनीत त्या प्रशासन सांभाळायच्या आणि मी निर्यात विभागात होतो. कन्नड घरातल्या, म्हणून सगळ्यांच्या अक्का. कंपनीचं कार्यालय आणि पॅकिंग शहरातून हललं आणि अक्कलकोट रस्त्याला, कुंभारीच्या पुढं नव्या इमारतीत गेलं. मालकांना त्या इमारतीसाठी ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र हवं होतं, कारण परदेशी गिऱ्हाइकं तेच विचारायची. छतावर सौर पॅनेल बसली, पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं. माणसं कामावर येता-जाता धूर किती कमी करतात, यालाही गुण होते. ते काम अक्कांवर आलं.

दुसऱ्याला सांगायचं ते त्या आधी स्वतः करायच्या. त्यांनी आपली स्कूटर घरी ठेवली आणि एसटीनं येऊ लागल्या. फाट्यावर उतरून उन्हातून चालत येणाऱ्या अक्का दिसल्या की आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं. हळूहळू आम्हीही एका गाडीवर दोघं-दोघं येऊ लागलो. कंपनीची बस लावा, असं त्या मालकांना पहिल्यापासून सांगत होत्या. मालकांना मात्र सायकली आवडल्या. हिरव्या सायकली आल्या, फोटो निघाले. "आधी या चालवून दाखवा, मग बसचं बघू," मालक म्हणाले. मग अक्का कुंभारीहून कामाला येणाऱ्या बायकांच्या मागं लागल्या. पॅकिंगमधली संगीता सगळ्यांच्या आधी तयार झाली.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि रस्ता ट्रॉल्यांनी भरून गेला. एका संध्याकाळी घरी जाताना, ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसाचा फटका संगीताला बसला. ती सायकलसकट चरीत पडली. खांद्याचं हाड मोडलं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तिची आई बाकावर बसली होती. तिनं आवाज चढवला नाही. "तुमी सांगितलं म्हणून बसली ती सायकलीवर," एवढंच म्हणाली. अक्का तिच्या शेजारी बसल्या, तशी ती उठून दुसऱ्या बाकावर गेली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी सगळ्या सायकलींना साखळी घातली. प्रमाणपत्राची तपासणी तोंडावर आली होती. मालकांनी त्यांना बोलावलं, तेव्हा मी सहीसाठी तिथंच उभा होतो.

"तपासणी होईपर्यंत चालू राहू द्या मॅडम. मग बंद करा."

"बायका त्याच रस्त्यानं जाणार की."

"एवढ्यात काय होतंय?"

"संगीताला व्हायला किती वेळ लागला?"

मालकांनी पेन खाली ठेवलं. "प्रमाणपत्र अडलं तर नोकरीचा विचार तुम्हीच करायचा."

अक्का "बरं" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. नवरा गेलेला, मुलगी धारवाडला शिकत होती. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

तपासणीच्या सकाळी पाहतो तर साखळ्या काढलेल्या. मालकांच्या सांगण्यावरून सायकली पुसून ओळीनं लावल्या होत्या. तपासणीस तिथं थांबले. "छान. रोज कोण कोण वापरतं?"

मालकांनी अक्कांकडे पाहिलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो.

"आता कोणीच नाही," अक्का म्हणाल्या. "हा रस्ता सायकलीचा नाही. आमची एक मुलगी पडली, दवाखान्यात आहे. मी सायकली बंद केल्यात."

"मग माणसं येणार कशी?"

"बस लागेल. मी मागितलीय, अजून मिळाली नाही."

तपासणीस मालकांकडे वळले. "बस प्रत्यक्ष चालू दिसली, तरच तिचे गुण देता येतील."

मालक अक्कांकडे न बघता म्हणाले, "होईल चालू."

बस सुरू झाली. प्रमाणपत्रही आलं, मालकांना हवं होतं त्याहून एक पायरी खालचं. अक्कांना कामावरून काढलं नाही, पण मालक त्यांच्याशी बोलेनासे झाले. निरोप माझ्यामार्फत जायचे, बैठकीत त्यांची खुर्ची नसायची. वर्षभर त्यांनी ते सोसलं. मुलीला तिकडेच नोकरी लागली, तशी त्यांनी धारवाडला जायचं ठरवलं.

निरोपाच्या चहाला संगीता आली नाही. अक्का स्वतःच पॅकिंगमध्ये गेल्या, मी त्यांच्यासोबत होतो.

"हात कसा आहे?"

"पुरता वर जात न्हाय."

अक्कांनी विचारलं, "आई बरी आहे?"

"तुमचं नाव काढत न्हाय अजून." संगीता टॉवेलची घडी घालत राहिली. मग मान खालीच ठेवून म्हणाली, "पण परवा मला उशीर झाला, तर भावाच्या गाडीवर बसू दिलं न्हाय. बस थांबवायला रस्त्यापर्यंत पळत गेली."

अक्का तिच्या समोर बसल्या आणि ढिगातला एक टॉवेल उचलून घडी घालू लागल्या. खाली बसचा हॉर्न वाजला. मी जिना उतरून ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितलं.