विश्वास कमी पडला म्हणे

प्रार्थनेनं आजारी माणसं बरी करायची चंगाई सभा उरकली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मामा हातगाडी घेऊन मैदानावर जायचा. व्यासपीठाच्या कडेला कुबड्या आणि पायाला बांधायच्या कॅलिपरचा ढीग पडलेला असायचा. आदल्या संध्याकाळी वक्त्याने माईकवरून आरोळी ठोकली की लोक भारावून त्या फेकून द्यायचे, गर्दी टाळ्या पिटायची, फोटो निघायचे. सकाळी मैदानात तो ढीग आणि मामा एवढेच. त्यातलं निम्मं काम मामाच्याच हातचं. आपली शिवण तो लांबून ओळखायचा. सगळं गाडीत भरून दुकानात आणायचा, पुसून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि वाट बघत बसायचा.

मग एकेक जण यायला लागे. कुणी भिंतीचा आधार घेत, कुणी भावाच्या खांद्यावर हात टाकून, सगळे खाली मान घालून. "मिस्त्री, माझी इथे आहे का हो?" मामा अवाक्षर काढायचा नाही. ज्याची त्याची कुबडी ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा, रबर झिजलं असेल तर बदलून द्यायचा. माणूस कोपऱ्यावरून दिसेनासा झाला की मात्र त्याच्या तोंडाचा जो पट्टा सुटायचा, तो मी इथे लिहीत नाही. मी त्या दुकानात चामडं शिवते. माझे कान तयार झालेत.

दुकान पुढच्या खोलीत, घर मागच्या दोन खोल्यांत. मामा अधू पायांसाठी कॅलिपर बनवतो. बुटाच्या टाचेला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, पोटरीला चामड्याचा पट्टा, बक्कल. वाळलेल्या, काडीसारख्या पोटऱ्या हातात घेऊन त्याचा जन्म गेला. म्हणून तो देव मानायचा, पण देव पाय बरे करतो हे मानायचा नाही. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून भसाड्या आवाजात गाणी म्हणायचा, आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली की उठून बाहेर जायचा. "देवाचं आणि माझं जमतं," म्हणायचा, "देवाच्या दलालांचं आणि माझं जमत नाही." वर आणखी, "चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. इथे लोकांचे नमस्कार करून करून हात दुखले, तरी चमत्कार आपला रुसून बसलाय."

त्याला खरी आग लावायची ती वेगळीच गोष्ट. एक म्हातारा सुतार सभेत कुबड्या टाकून चार पावलं चालला आणि पायरीवरून कोसळला. खुब्याचं हाड मोडलं. सभेची माणसं दवाखान्यात भेटायला गेली आणि त्याला म्हणाली, "काका, तुमचा विश्वास कमी पडला." पडायचं त्यानं, हाड मोडायचं त्याचं, आणि वर गुन्हाही त्याचाच! चोर तो चोर, वर शिरजोर. हे ऐकून आलेला मामा त्या दिवशी जेवला नाही. मीही नाही. राग येण्याच्या बाबतीत आम्ही एकाच माळेचे मणी.

आणि मग मामी पडली. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. दिवसभर उभी, सगळ्या मजुरांना दरडावणारी, हसवणारी. ओल्या जिन्यावरून पाठीवर आपटली. ऑपरेशन झालं, पाठ सावरली, पण उजवा पाय गुडघ्याखाली मेल्यासारखा झाला. पोटरी दिवसेंदिवस सुकत गेली. पुष्कळ महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "जेवढं परत यायचं होतं तेवढं आलं. आता कॅलिपर लावा." जगातल्या सगळ्या माणसांना कॅलिपर बनवून देणाऱ्या मामाला बायकोच्या पायाचं माप घ्यावं लागलं. असं काम त्यानं कुणासाठीच केलं नव्हतं. पट्ट्याची कड न् कड घासून गुळगुळीत केली, आत मऊ चामडं लावलं. मामीनं तो चढवला, खुर्चीत बसली आणि भाजी निवडायला घेतली. कँटीनचं नाव तिनं परत काढलं नाही.

चर्चमधल्या निवृत्त नर्सबाई आणखी दोघींना घेऊन एका गुरुवारी दुपारी घरी आल्या. "मिस्त्री, आम्ही फक्त प्रार्थना करू," त्या म्हणाल्या. मामानं हातोडी खाली ठेवली नाही. "करा. पण माझ्या कॅलिपरला हात लावायचा नाही आणि आरडाओरडा चालणार नाही."

"कॅलिपर काढा म्हणून सांगायला मी काय वेडी आहे? आयुष्य वॉर्डात गेलं माझं," नर्सबाई म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. मामीच्या गुडघ्यावर हात ठेवून त्या हलक्या आवाजात बोलायच्या, शेजारणीशी बोलावं तसं. मग चहा पिऊन जायच्या. दर गुरुवारी हेच. त्यांची प्रार्थना सुरू झाली की मामा मुद्दाम ऐरणीवर घाव घालायचा. ऐरणीवर काही नसलं तरी घालायचा. मी एकदा म्हटलं, "मामा, लोखंड तरी ठेव खाली, वाईट दिसतं." तो म्हणाला, "तुझं तू शीव."

काही महिने गेले आणि मामी तक्रार करायला लागली. "अहो, पोटरीला पट्टा रुततोय." मामाच्या कामाला नाव ठेवणं म्हणजे त्याच्या खानदानाला नाव ठेवणं. गाल फुगवून त्यानं पट्टा उसवला, सैल केला, परत शिवला. थोड्या दिवसांनी परत तेच. मग चामडं वाईट निघालं. चामडंवाल्याला त्यानं रस्त्यात गाठून झापलं की तुझा माल आटतो. बिचारा शपथा घेत राहिला. त्यानंतर माझी पाळी आली. माझा टाका म्हणे आत येतो. मी काय गप्प बसणार? "नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. दोन दिवस आमचा अबोला. नवं चामडं आलं, नवा पट्टा झाला, तोही रुतायला लागला.

शेवटी मामानं तिला दुकानातल्या स्टुलावर बसवलं आणि पायाला टेप लावली. आकडा बघितला. टेप झटकली, परत लावली. मग मला म्हणाला, "ही टेप ताणली गेलीय. दुसरी आण." दुसरी आणली. तिनंही तेच सांगितलं.

"सूज आहे का?" त्यानं विचारलं.

"दाबून बघा," मामी म्हणाली.

त्यानं दाबून बघितलं. सूज कशी लागते आणि मांस कसं लागतं, हे त्याच्या बोटांना कुणी शिकवायला नको. त्याचा चेहरा पडला, हो, पडलाच. आनंद झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. "अंगठा हलव," तो म्हणाला. मामीनं अंगठा हलवला. मग पाऊल वर उचललं.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलू?" मामीचा आवाज चढला. "तुम्ही म्हणाला असतात भास होतोय. तेवढं ऐकायची ताकद नव्हती माझ्यात. म्हटलं, आधी अंगठा नीट माझा होऊ दे, मग सांगेन."

मला मामाचा इतका राग आला की हातातली आरी मी आपटली. मेलेला पाय जिवंत होतोय आणि बाई ते चोरीच्या मालासारखं पदराआड दडवून बसलीय, आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याच्या भीतीनं! दलालांनी लोकांना पाडलं ते पाडलं. याच्या शहाणपणानं हिचा आनंद कोंडून ठेवला. मी हे सगळं तोंडावर बोलले. मामी उठली, कॅलिपर तिथेच ठेवून लंगडत लंगडत दारापर्यंत गेली आणि परत आली.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, जुने रिपोर्ट बघितले, परत पाय तपासला. मामा त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता. "यात विशेष काही नाही" असं त्यांनी म्हणावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता, दुसरं काय. पण बाई सरळ होत्या. "असं होणार नाही हे मीच सांगितलं होतं. मी चुकले, की आणखी काही झालं, ते मला सांगता येत नाही. पण पाय चालतोय." येताना घराजवळ आल्यावर मामा म्हणाला, "आयुष्यभर मी म्हणत होतो, दाखवा एक तरी. ते माझ्या घरात घडत होतं आणि मी टेप बदलत होतो." त्या गुरुवारी तो मागच्या खोलीत जाऊन बसला. डोळे मिटले नाहीत, पण बसला.

मामी कँटीनमध्ये परत गेली आणि गावभर झालं. मग यायचा तो आलाच. सभेचा व्यवस्थापक. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात साखर. दुकानात तेव्हा गणिताच्या बाई होत्या. लहानपणीच्या तापात दोन्ही पाय गेलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या, मामाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं बक्कल तुटलं होतं म्हणून मामा खाली बसून ते बसवत होता. मामी सुट्टीमुळे घरी होती.

"ताई, पुढच्या सभेत तुमची साक्ष ठेवलीय, कशा बऱ्या झालात ते सांगायचं," तो मामीला म्हणाला. "कॅलिपर घालून या आणि सगळ्यांसमोर फेका. लोकांचा विश्वास वाढेल."

"कॅलिपर मी लावतच नाही हो आता," मामी म्हणाली. "परत घालून काय फेकू? साक्ष मी आमच्या चर्चमध्ये दिलीय."

त्याचं हसू हललं नाही. तो गणिताच्या बाईंकडे वळला. "बघा, यांना मिळालं. तुम्ही आमच्या किती सभांना आलात. आपला विश्वास कुठे कमी पडतोय, याचा जरा विचार करा."

बाईंनी पाय मागे ओढून घेतले. मामा उठला. त्याच्या हातात बक्कल तसंच होतं.

"विश्वास? या घरात विश्वास कुणाचा होता? माझा? त्या बाया प्रार्थना करायच्या तेव्हा मी रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारत होतो. विचारा हिला." त्यानं मामीकडे बोट केलं. "हिचा होता का?"

"मी तर कुणीतरी चहाला येतं म्हणून हो म्हटलं होतं," मामी म्हणाली.

"ऐकलंत? विश्वासाच्या मापानं वाटायचं असतं तर देव माझ्या दारावरून नाक मुरडून गेला असता. त्यानं फुकट दिलं, नालायकाला दिलं. आणि तुम्ही मात्र न मिळालेल्यांना दोषी ठरवत फिरताय. या बाई सकाळी लोखंड बांधून तिसऱ्या मजल्यावर शिकवायला चढतात, त्यांना विश्वास शिकवताय? निघा."

तो निघाला. जाताना "तुमच्यासाठी प्रार्थना करू" असं काहीतरी पुटपुटला. मामी म्हणाली, "करा, पण लांबून."

मामा परत खाली बसला. बक्कल बसवायला लागला. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

"मी? मला नाही येत. नर्सबाईंना निरोप धाडतो."

"नको. माझ्या वतीनं एवढं आजवर कुणी चिडलं नव्हतं. तुम्हीच करा."

मामानं हातातलं बक्कल खाली ठेवलं. त्यांच्या बुटावर हात ठेवला आणि भांडायला उभा राहिल्यासारखा बोलायला लागला. "प्रभू, या कामात तू हात घालत नाहीस असं मी धरून चाललो होतो, तोवर माझं तुझ्याशी भांडण नव्हतं. आता घालतोस हे मी माझ्या बोटांनी दाबून बघितलंय. मग इथे का नाही? या बाईंनी काय केलंय? मला कळत नाही. तू चांगला आहेस म्हणतात आणि आमच्या घरात तू चांगलाच वागलास. म्हणून विचारतोय. यांनाही बरं कर." मग तो म्हणाला, "आमेन." मामी डोळे पुसत होती. मी पुसत नव्हते, मला रागच आला होता, पण कुणाचा ते सांगता येईना.

पाय होते तसेच होते. मी बघितलं, बाईंनीही बघितलं. मामानं बक्कल ठोकून बसवलं, पट्टा आवळला, सैल नाही ना विचारलं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "उद्या परत विचाराल ना?"

"रोज विचारणार," मामा म्हणाला. "आता त्याची सुटका नाही."