बिनगोंड्याचा हार

लढाईच्या त्या वर्षी मोठमोठी माणसं गेली, आणि पेपरात छापून येण्याआधी ते आमच्या बाबाला कळायचं. अमरावतीच्या बाजारात आमचं हारांचं दुकान होतं. सत्काराच्या हाराला बाबा गोंडा लावायचा, मयताच्या हाराला नाही. गिऱ्हाईक "गोंडा नको" म्हणालं, की बाबा समजायचा.

साध्या कपड्यातल्या एका पोलिसाला याचाच संशय आला. "बुढ्या, तुले आधीच कोण सांगते बे?"

बाबानं गोंड्याचं सांगितलं, पण त्याला पटलं नाही. मेला रोज आमच्याच ओट्यावर बसून, आमचाच चहा पिऊन आमच्यावर पाळत ठेवायचा! मलाही मग प्रत्येक गिऱ्हाईक त्याचाच माणूस वाटायला लागलं.

आमच्या गावचे पुढारी तेव्हा तुरुंगात आजारी होते. तब्येत सुधारते आहे, असं पेपरात रोज यायचं. एका सकाळी तो पोलीसच टोपी हातात घेऊन आला.

"मोठा हार पाहिजे."

"कोणासाठी?"

"तुले काय करा लागते?"

बाबानं सुईत दोरा ओवला. "गोंडा लावू ना, साहेब?"

त्यानं ढिगातलं एक झेंडूचं फूल उचललं, परत ठेवलं. मग हळूच म्हणाला, "नको."