अकरावा खाखरा

सकाळी शेडमध्ये आले की भाई चपला काढायच्या आधी भरून ठेवलेला एक खोका उचलायचे, खांद्यापर्यंत न्यायचे आणि सोडून द्यायचे. धप्प. मग उकिडवे बसून खोका उघडायचे आणि आतल्या खाखऱ्याला विचारायचे, ‘‘आखो पहोंच्यो ने?’’

आखो म्हणजे अख्खा. अख्खा पोहोचलास ना, असं ते खाखऱ्याला विचारत. पहिल्या दिवशी हे बघितलं आणि मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, माणूस बरा दिसतो, पण डोक्याने जरा सैल आहे.

मुंबईकडच्या लोकांना भाई म्हटलं की भलतंच काही वाटतं. आमच्या बडोद्यात भाजीवालाही भाई आणि बँकेतला साहेबही भाई. हे आमचे भाई किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यातलं एक कधीच चालत नसे. छाणीला त्यांची लांबट पत्र्याची शेड होती आणि तिथे आम्ही नऊ बायका खाखरे करायचो. खाखरा कुणाला माहीत नसेल तर सांगते. पोळी पातळ लाटायची, तव्यावर टाकायची आणि लाकडी दट्ट्याने दाबत दाबत पापडासारखी कडक होईपर्यंत शेकायची. चव चांगली. स्वभाव वाईट. नुसतं रागाने बघितलं तरी तुटतो.

आणि हा असला जिन्नस भाई विमानाने परदेशी पाठवायचे. सुरुवात त्यांच्या बायकोने केली होती. नातेवाईक तिकडे निघाले की ती त्यांच्या बॅगेत खाखरे कोंबायची. ती गेली, पण मागणी राहिली. भाईंनी शेड घेतली.

मी चौथी शिकलेली. शहरातल्या वाडी भागातून छाणीपर्यंत रिक्षाने यायचे. माझं काम भरण्याचं. पहिल्याच दिवशी मी त्यांना तोंडावर म्हटलं, ‘‘अन्न आहे ते. असं आपटतात होय?’’

भाई माझ्याशी मराठी बोलायचे, त्यांना जमेल तसं. म्हणाले, ‘‘इंदुबेन, मी नाही आपटला, तर विमानतळावरचा माणूस आपटणार. त्याचा हात माझ्यापेक्षा भारी. तुटायचा तो इथे तुटू दे ने, आपल्यासमोर.’’

हे मला पटलं. पटलं की मी पुढे बोलत नाही.

त्यांचा तो प्रश्न मग सगळ्यांनाच असे. माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला, सासरहून परत आलेल्या आमच्या शेकणाऱ्या रमीलाला, सगळ्यांना ‘‘आखां पहोंच्यां ने?’’ एकदा रिक्षातून उतरताना मी पडले आणि लंगडत आत आले. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘गुडघा सोडून.’’ ते इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागला. नंतर स्वतः जाऊन मलम घेऊन आले.

पाकिटाच्या बाबतीत मात्र हा माणूस हसण्यावारी नेत नसे. एका मे महिन्यात आम्हा नऊ जणींना त्यांनी लोकरीचे हातमोजे घालायला दिले. बाहेर डांबर वितळत होतं, आत तवे पेटलेले. म्हणाले, ‘‘आता पाकीट उघडा.’’ एकीलाही उघडता आलं नाही. मी दाताने फाडलं.

‘‘बघितलं? तिकडे थंडी. मासीची बोटं सत्तर वर्षांची. ती दुकानात हातमोजे घालून उभी. तिच्या तोंडात दात तरी आहेत का फाडायला?’’

त्या दिवसापासून पाकिटाला ओढायची पट्टी आली.

या मासी, म्हणजे मावशी, इंग्लंडात लेस्टरला दुकान चालवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. आमचा अर्धाअधिक माल त्यांच्याकडे जायचा. भाईंनी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्यांच्याबद्दल त्यांना सगळं ठाऊक. भाईंकडे एक वही होती. त्यात कुणाच्या गिऱ्हाइकाला हिंग चालत नाही, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा गुडघा बदलला, असलं लिहिलेलं. आपली दुपार झाली की तिकडे दुकानं उघडतात, तेव्हा ते वही उघडून फोन लावायचे. आधी गुडघा, मग खाखरा. मी एकदा म्हटलं, ‘‘भाई, तुम्ही माल विकता की सोयरीक जमवता?’’ म्हणाले, ‘‘एकच काम छे.’’

दर खोक्यात ते एक चिठ्ठी टाकायचे. शेकलं कुणी, भरलं कुणी. ‘शेकनार रमीला, भरनार इंदु.’ नाव माझं, म्हणून मी चिठ्ठीवर नजर ठेवायचे. ‘भरणार’मधला ण मीच सुधारला. चौथी का असेना, शाळा मराठी होती.

आता खरी गोष्ट सांगते.

गुजरातीत ‘नमतुं जोखवुं’ म्हणतात. तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकू द्यायचा. आपल्याकडे झुकतं माप म्हणतात, तेच. आमच्या पाकिटावर दहा खाखरे छापलेले असत आणि आत अकरा असत. अकरावा वरचा. तो कुठे लिहायचा नाही, बोलायचा नाही, मोजायचासुद्धा नाही. मोजला तर तो वरचा कसला? माझ्या हाताला ही सवय इतकी लागली होती की घरी नवऱ्यालाही मी चार पोळ्या म्हणून पाच वाढायचे.

एके दिवशी मासींचा फोन आला. भाईंनी सवयीने गुडघ्याचं विचारलं, पण मासी त्या दिवशी गुडघ्यावर थांबल्या नाहीत. भाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून आम्हीही ऐकलं. बोलणं गुजरातीत, पण मुद्दा असा: तुमचं पाकीट माझ्या फळीवर उभं राहत नाही, लोळतं. दुसऱ्या एका कंपनीचे खोके आलेत, रंगीत, ताठ. आमची नातवंडं ताठ वस्तूला हात लावतात, लोळणाऱ्या नाही. उभा राहील असा खोका पाठवा. नाहीतर तो कप्पा मी त्यांना देते, माझा इलाज नाही.

फोन ठेवल्यावर कुणी तवा हलवला नाही. तो कप्पा गेला तर नऊतल्या पाच जणींना घरी बसावं लागलं असतं. त्यात भरणारी पहिली. शेकायला कला लागते, भरायला कोणीही चालतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

भाईंनी डिझाइन करणाऱ्या एका बाईंना आणलं. पिकलेले केस, गळ्यात मोजायची पट्टी, शिंप्यासारखी. तीन दिवस त्या माझ्याशेजारी बसल्या. खाखऱ्याची रुंदी मोजली, जाडी मोजली, दट्ट्याचं चित्र काढलं. मग खोका केला. पिवळा, समोर गोल खिडकी, खिडकीतून खाखरा दिसणार. खोका नुसता ठेवला तरी शाळेच्या कवायतीला उभा केल्यासारखा ताठ.

‘‘आत किती असतात?’’ त्यांनी विचारलं होतं.

‘‘दस,’’ भाई म्हणाले.

मी शेजारीच बसले होते. मीही मान हलवली. खोटं बोललो नाही आम्ही. दहाच असतात. अकरावा मोजायचा नसतो.

नव्या खोक्यांचा पहिला माल निघाला त्या सकाळी भाईंनी खोका आपटला, पण तो बाईंनी स्वतःच्या हाताने भरलेला नमुन्याचा. दहाच्या दहा अख्खे. बाकीचे मी भरले. दहा टाकले, वर अकरावा टाकला, तो जरा अडला, मी अंगठ्याने दाबून बसवला. घट्ट झालं, बरं झालं, हलणार नाही, असं मला वाटलं.

बारा-तेरा दिवसांनी मासींनी फोटो पाठवला. पिवळ्या खोक्याच्या गोल खिडकीत भुगा. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘तुमच्या इंदुबेनने भूको भरलाय का?’ चिठ्ठीवर नाव होतं ना माझं.

भाईंनी तो फोन माझ्यासमोर ठेवला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी मागे राहिलेला एक भरलेला खोका आणला, उघडला, एकेक खाखरा माझ्यासमोर मांडत गेले. दहा झाले. अकरावा काढताना त्यालाच तडा गेलेला.

‘‘हा माझा,’’ मी म्हटलं. ‘‘मी दाबून बसवला. दाबल्यावर खालच्यांना श्वास कुठून? एक तुटला, त्याने बाकीचे कापले.’’

‘‘शिकवला मी ने,’’ भाई म्हणाले.

‘‘हात माझा होता.’’

बाईंना बोलावलं. त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘अहो, मी विचारलं होतं किती म्हणून.’’

‘‘दहाच असतात,’’ आम्ही दोघंही एकदम म्हणालो. रमीला तोंडावर पदर घेऊन हसली. बाईंना काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला गेलो तर आणखीच वेड्यासारखं वाटायला लागलं.

‘‘मग अकरावा काढून टाका,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हजारो खोके छापून झालेत. छापलंयही दहा.’’

मलाही तेच बरोबर वाटलं. मी म्हटलं, ‘‘काढा की भाई. सातासमुद्रापलीकडे कोण मोजतंय?’’

भाईंनी मासींना फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं. अकराव्याचंसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते अकराव्याबद्दल बोलले असतील.

मग मासी म्हणाल्या, ‘‘मला काय, माहीत नाही वाटलं? पहिल्या पाकिटापासून मोजतेय. त्या ताठ खोकेवाल्यांचे दहा म्हणजे दहाच निघतात. म्हणून तर तुम्हाला फोन केला, त्यांना नाही.’’ आणि लगेच, ‘‘पण भूको मी विकणार नाही. एक महिना देते. आखा पाठवा.’’

भाई त्या दिवशी जेवले नाहीत. अकरावा काढायचा नाही, खोका बदलायचा नाही. खोक्यापुढे मांडी घालून बसून राहिले, जसा खोकाच उत्तर देणार होता.

मी डबा उघडला. मला भूक लागली होती, दुःखाने माझी भूक जात नाही. तो तडा गेलेला खाखरा समोर पडला होता. मी तो मोडला आणि चहात बुडवून खायला लागले. एक तुकडा रमीलाला दिला, एक त्या बाईंना. बाईंनी खाल्ला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, मी तीन दिवस मोजत होते, खाल्ला आज पहिल्यांदा. छान लागतो.’’

तेव्हा मला दिसलं. मी म्हटलं, ‘‘भाई, अकरावा अख्खा कशाला हवा? आपणच मोडून देऊ. चार तुकडे, एक लहान पुडी, खोक्याच्या पाठीला चिकटवायची. पुडी आधी चाखायची, खोका नंतर उघडायचा. मोडलेला मोडून काय तुटणार?’’

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बाईंकडे. बाई पट्टी काढून खोक्याची पाठ मोजायलाच लागल्या होत्या.

महिन्याच्या आत नवा माल गेला. या वेळी भाईंनी एक नाही, सात खोके आपटले. पुडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली अक्षरं छापून घेतली, गुजरातीत आणि इंग्रजीत: ‘हा वरचा. आधी चाखा.’ माल पोहोचला त्या दिवशी मासींनी फक्त एक शब्द पाठवला. ‘आखा.’

कप्पा राहिला. पुढे मासींनी सांगितलं की त्या ती पुडी फोडून दुकानात आलेल्या गोऱ्या लोकांच्या हातावर तुकडा ठेवतात. ज्यांना खाखरा हे नाव घेता येत नाही तेही आता पिवळा खोका मागतात. भाईंनी वहीत माझ्या पानावर काहीतरी लिहिलं. हो, माझंही पान होतं. मी वाचलं नाही. माझा गुडघाच असणार.

भाई गेल्या वर्षी मुलीकडे गेले, टोरांटोला. एकटं राहणं होईना. शेड आता रमीला बघते आणि सकाळी खोका तीच आपटते. जायच्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. बडोद्याच्या उन्हात दोन स्वेटर, कानटोपी आणि मफलर घालून ओट्यावर बसले होते. मी त्यांचे खांदे धरून जरा हलवून बघितलं.

‘‘शुं करो छो?’’ ते म्हणाले.

‘‘बघते. आत काही खडखडतंय का.’’

‘‘खडखडे छे,’’ म्हणाले. ‘‘घणुं. खूप.’’

माझ्या हातात खाखऱ्यांचा पिवळा खोका होता, तो मी त्यांच्या बॅगेत वर ठेवला, पुडीसकट.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. तिकडे धड पहाटही झाली नसेल, पण दुपारीच आला, सवय ती सवय. त्यांना बोलायला द्यायच्या आधीच मी विचारलं, ‘‘आखा पहोंच्या ने?’’

तिकडून ते हसले, चष्मा पुसायला लागावं असं.

‘‘ना रे, इंदुबेन. अगियारमो छुं ने. भांगीने ज पहोंच्यो.’’

अकरावा आहे ना मी. मोडूनच पोहोचलो.

‘‘चालेल,’’ मी म्हटलं. ‘‘चाखायला तोच असतो.’’