बंद जिनिंगचा आवाज

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे आला तो आवाज न्यायला. त्याला एक अल्बम करायचा होता. त्यात गाणं नाही, ताल नाही, नुसती उजाड घरघर. फोनवर म्हणाला, मामी, तुमच्याकडे आता ती उदासी जागोजाग असेल ना? असेल की बाबा! कापसाची ती वर्षं अशी होती, की पेपर उघडावा तर पहिल्याच पानावर कोणाच्या तरी घरचं मरण. दुसरं आमच्याकडे पिकत तरी काय होतं!

राजापेठेतल्या आमच्या सासरच्या घरून मी त्याला माहेरी, अकोल्याला घेऊन गेले. माझे बाबा तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या मशिनींच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आणि पुढं कापूसच येईना तेव्हा जिनिंगही बंद पडली. पाहुणा जिनिंगचा आवाज भरून न्यायला येतोय, एवढंच वहिनीनं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं.

झालं! म्हातारा कामाला लागला. एक मशीन खोलली, पुसली, तेलपाणी केलं. चौकीदाराला हाताशी धरून वीज जोडून घेतली. ओळखीच्या शेतकऱ्याकडून गाठोडंभर कापूस आणला. आम्ही पोचलो तर मशिनीला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. सगळं दसऱ्याला करतात तसं, अन् दसरा तर कधीच होऊन गेला होता.

भाच्यानं मला बाजूला घेतलं. अगदी हळू, शहाण्यासारखं म्हणाला, "मामी, मला ही शेड बंदच हवीय. मशीन सुरू झाली तर सगळं वाया जाईल."

असा संताप आला मला! पण पडला सासरचा माणूस, गिळला. बाबांना हातानं खूण केली, थांबा. त्यांना वाटलं, ही तयारीच चाललीय. पत्र्यावरचा वारा आणि कबुतरांची फडफड भरून होईपर्यंत ते बटनापाशी हात धरून उभे राहिले. मग भाच्यानं सामान आवरलं, आजोबांच्या पाया पडला आणि चहासुद्धा न घेता गाडीत बसला. नारळ तसाच राहिला.

काही महिन्यांनी त्यानं सीडी पाठवली. अकोल्याला, जठारपेठेतल्या माहेरच्या घरी मी ती बाबांना लावून दिली, हेडफोनचा आवाज होता तेवढा वाढवून. बाबा ताठ बसले, डोळे मिटले. नातवंडं बोलायला लागली की हातानं गप्प करत होते. खालच्या पट्टीतली घरघर त्यांना थोडीफार ऐकू येत असावी.

बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाले, "मशीन चालू कवा होते वं?"

सीडी संपली होती. मी त्यांच्या कानावरचा हेडफोन सरकवून ओरडले, "बाबा, संपलं ते."

"अजून तं चालूच नाई झालं," ते म्हणाले, आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढून बसून राहिले.