तांडेल मॅडम आणि शांत मेंदू

अंधेरीच्या आमच्या एमआरआय विभागात नवीन आलेला माणूस तांडेल मॅडमना बघून चक्रावायचाच. मेंदूवर संशोधन करणारी बाई, पांढरा कोट, आणि त्यावर दोन-तीन बायकांचं सोनं! मशीनमध्ये धातू चालत नाही आणि कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या दागिने कपाटात ठेवायला तयार नसत. मग मॅडमच ते अंगावर चढवून संगणकाच्या पडद्यासमोर बसत. मी तिथला तंत्रज्ञ. मी हसलो की म्हणत, "हसतोस काय रे? सोनं सांभाळते, म्हणून मेंदू दाखवतायत त्या मला."

मॅडम मालाडकडच्या कोळीवाड्यातल्या. आई बाजारात मासळी विकायची. शेवटी शेवटी तिला हातातला पापलेट ओळखता येईना, आणि मग लेकही. म्हातारपणी मेंदूचं नेमकं काय होतं, हे मॅडमनी तेव्हापासून धरलं ते सोडलं नाही. "चाळीतले शेजारी असतात ना, तसे मेंदूचे भाग. असतात जागेवरच, पण एकमेकांशी बोलेनासे होतात," त्या सांगत. अळंबीच्या एका जातीत सापडणारं सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणारं द्रव्य अगदी मोजकं दिलं, तर हे बोलणं पुन्हा सुरू होईल का, हे त्यांना तपासायचं होतं. कॅन्टीनमध्ये थट्टा चाले, मॅडम म्हाताऱ्यांना नशा करायला शिकवणार. मॅडम शांतपणे म्हणत, "तुझ्या आईला आण. तिला समजावते, तुला नाही जमायचं."

परवानगी देणाऱ्या समितीची अट एकच होती. औषधाआधीचा शांत मेंदू तुम्हाला नीट मोजता येतो, हे आधी दाखवा. म्हणून प्रत्येक बाईचं दोनदा स्कॅन करायचं ठरलं; दोन्ही जुळली, तर मोजमाप पक्कं. आत जाताना मॅडम सांगत, "डोळे मिट, मनात काही आणू नको." दोन्ही वेळचे निकाल असे जुळत गेले की आम्ही आधीच पेढे वाटले. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. समितीची पुढची बैठक हीच त्यांची शेवटची.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात शेवटच्या उरलेल्या हिराबाईचं दुसरं स्कॅन संपलं आणि मी तिला बाहेर काढायला गेलो, तर ती माझ्यावरच डाफरली. "थांब रं! माळ पुरी होऊ दे." तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता.

मॅडम धावत आल्या. "काय करत होतीस गो आत?"

"तू बोलली ना, डोक्यान काय आनू नको? मंग स्वामींचा नाव घेत रायले. नाव घेतला का दुसरा काय येतंच नाय."

मॅडमनी सगळ्या बायकांना फोन लावले. बहुतेक जणी जपच करत होत्या, दोन्ही वेळा तोच. निकाल जुळणार नाहीत तर काय! आम्ही शांत मेंदू मोजलाच नव्हता. त्यांची विद्यार्थिनी ऋचा रडकुंडीला आली. "मॅडम, समितीला कुठे कळणार आहे? सगळ्याची वाट लागेल हो."

"लागू दे," मॅडम म्हणाल्या.

समितीपुढे त्यांनी हे स्वतःच सांगितलं. मशीनबद्दलच्या प्रश्नांसाठी मीही आत होतो. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बोलल्या नसतात तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"उद्या औषध याच बायकांच्या डोक्यात जाणार आहे, साहेब. आत्ता लपवलं, तर तेव्हा काय काय लपवेन मी?"

परवानगी पुढे ढकलली गेली. माझा मात्र संताप झाला होता. खरं बोलल्याचं हेच बक्षीस? मॅडम निवृत्त झाल्या. ऋचाने सगळी स्कॅन नव्याने सुरू केली. आता बायकांना बघत राहायला समोर एक ठिपका देतात, जप घरी करायला सांगतात, आणि बाहेर आल्यावर मनात काय चाललं होतं तेही विचारतात. निकाल पूर्वीइतके देखणे येत नाहीत.

अर्जावर आता ऋचाची सही असते. परवानगी अजून आलेली नाही. दर बैठकीला मॅडम मालाडहून येतात आणि दाराबाहेरच्या बाकावर बसतात. आत जायचा अधिकार त्यांना उरलेला नाही. मागच्या खेपेला मी न राहवून म्हणालो, "मॅडम, तुम्हाला आत घेत नाहीत, मग कशाला येता एवढ्या लांब?"

"नाही घेत तर नाही," त्या पदर खोचत म्हणाल्या. "जाता-येता त्यांना मी दिसले पाहिजे."