दर दाबाला एक शब्द

“अहो, बोलत काय बसलाय? दाबा! आधी दाबा!”

सिस्टर माझ्यावर ओरडत होती. माझ्या हातात अंबू बॅग होती. म्हणजे तो रबरी फुगा, जो दाबला की नळीतून पेशंटच्या छातीत हवा जाते. समोर पलंगावर माझा मामा. माझे हात थांबले होते आणि त्यामुळे मामाची छातीही थांबली होती. मी पुन्हा दाबायला लागलो आणि नुसती मान हलवून सिस्टरला सांगू लागलो की बाई, मी अवाक्षर काढलेलं नाही...

मंडळी, पुढे जाण्याआधी एक सांगून ठेवतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असणार कसा? खाडीपुलावर एक बाई ट्रकला हात करते, ही गोष्ट मीच बनवलेली. तेव्हा मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांची दलाली करायचो आणि ड्रायव्हर लोक संध्याकाळी चहा पीत बसून राहायचे, निघायचं नाव नाही. म्हणून ती बाई जन्माला घातली. महिन्याभरात ती थेट खंडाळ्याच्या घाटात पोचली. एका ड्रायव्हरनं तर तिचं माहेर कुठलं ते मलाच समजावून सांगितलं. तेव्हा हा माल कुठल्या कारखान्यात तयार होतो, हे मला विचारा.

तर मामा. नव्वदच्या दशकातली, सुरुवातीची गोष्ट. उरणच्या बाजूला मिठागरावर जन्म काढलेला माणूस. बिड्या इतक्या ओढायचा की गावातले डास त्याच्या घराला वळसा घालून जायचे. छाती पार कामातून गेली होती. शेवटी पनवेलला, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात आणला. त्यांच्याकडे व्हेंटिलेटर एकच, आणि त्यावर हायवेच्या अपघातातला कोणी होता. मुंबईला हलवावं तर वाटेतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मग घशात नळी घातली, फुगा जोडला आणि नातेवाइकांच्या पाळ्या लावल्या. तेव्हा हे असंच चालायचं. माझी बोटं फुगा दाबून दाबून अशी सुजली की घरी गेल्यावर बायको म्हणाली, केळी आणलीत का?

आता मुद्द्याची गोष्ट. नळी घालायच्या आधी, मी एकटाच जवळ असताना, मामानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि दम खात खात मला सांगितलं, “भाच्या, माजी फुप्पुसं कुनाला देऊ नको, घेनारा शिव्या देल. पन डोले दे. डोले एक नंबर हायत.” गावच्या शाळेत नेत्रदानावर कुणाचं तरी भाषण झालं होतं. मामा चहा-बिस्किटांसाठी गेला आणि पटवून घेऊन आला. पण हे घरी बोलला नव्हता. आणि मला सांगितल्यावर तासाभरात घशात नळी गेली. संपलं बोलणं.

मूलबाळ नाही. होकार द्यायचा तो मामीनं. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “तुजं खरं कवा असतं रं? त्या पुलावरच्या बाईचे काढ जा डोले.”

बरं, डॉक्टरांनी सांगावं, तर तेही नाही. हात सोन्याचे, तोंडाला मात्र कुलूप. मला पॅसेजमध्ये नेऊन इंग्रजीत सांगायचे की फार आशा नाही. मामीला सांगायचे, प्रयत्न चालू आहेत. मी म्हटलं, डोळ्यांचं तुम्ही विचारा, तुमच्यावर विश्वास ठेवेल ती. ते घड्याळ बघत म्हणाले, नातेवाइकांनीच विचारलेलं बरं. म्हणजे मामाची शेवटची इच्छा पोचवायची कुणी? तर उभ्या पनवेलमध्ये ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्या माझ्यासारख्यानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पाळी होती. मामी पायाशी स्टुलावर. सिस्टर पाठमोरी, औषध भरत होती. मी दाबला फुगा, आणि मामाचा आवाज आला.

“चिमे...”

मला वाटलं, भास. पुन्हा दाबला.

“डोले...”

दाबला.

“देऊन...”

दाबला.

“टाक.”

दर दाबाला एक शब्द. वारा माझ्या हातातला, आवाज मामाचा. माझे हात तिथंच गोठले आणि सिस्टर ओरडली, ते वर सांगितलंच.

मामाची नक्कल मला येते, हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तुम्ही काय म्हणणार ते मला कळतंय. पण त्या वेळी माझ्या तोंडात तंबाखूचा बार होता. बोललो असतो तर सिस्टरच्या पाठीवर नकाशा उमटला असता. आणि ‘चिमे’? मामीला हाक मारताना जन्मभर मी मामाला ‘ए’ आणि ‘ऐकलं का’ एवढंच म्हणताना ऐकलं होतं.

मामी उठली. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बाजारातून काय आणू विचारल्यावर म्हणावं, तसं म्हणाली, “बरं.”

डॉक्टर धावत आले. नळी तपासली. मला म्हणाले, नळीच्या टोकाला आत एक फुगा असतो, तो श्वासाची वाट बंद करतो. तो गळत असेल तर थोडा आवाज येऊ शकतो, पण हा गळत नाहीये. मग मामीनं सरळ त्यांनाच विचारलं, वाचनार नाय ना? पहिल्यांदा ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि मराठीत म्हणाले, नाही, मावशी.

मामा दिवस मावळायच्या आत गेला. मुंबईच्या नेत्रपेढीतून दोघं डबा घेऊन आले आणि काम करून पापण्या मिटवून गेले. मामीनं वाकून चेहरा बघितला, झोपल्यावानीच हाय म्हणाली, आणि मग रडली.

डॉक्टर म्हणतात, थकवा. सिस्टर आजही शपथेवर सांगते की तुम्हीच बोललात, मी वळून बघितलं तेव्हा ओठ हलत होते तुमचे. मी शेकडो थापा मारल्या, पण माझीच मला उलगडत नाही अशी ही एकच.

बऱ्याच महिन्यांनी मी मामीला गाठलं. ओट्यावर सुकट निवडत बसली होती. म्हटलं, मामी, तू तर समोर होतीस... कोण बोललं?

तिनं मान वर केली नाही.

“तोंड तुजं होतं. बोलनं त्यांचं होतं.”